काचेखालून ठसा वाचताना आडवे पट्टे : कपॅसिटिव्ह फिंगरप्रिंट सेन्सरमधला नॉइज नेमका कुठून येतो?

मृण्मयी_ई

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी कपॅसिटिव्ह फिंगरप्रिंट सेन्सरची (त्वचा आणि धातूची प्लेट यांच्यातल्या कपॅसिटन्सवरून, म्हणजे चार्ज साठवण्याच्या क्षमतेवरून, ठसा वाचणारा) चाचणी-चिप केली आहे. १८० नॅनोमीटर प्रोसेस, ६४ बाय ६४ पिक्सेल, पिच (लगतच्या पिक्सेलमधलं अंतर) ५० मायक्रॉन, म्हणजे साधारण ५०० डीपीआय (इंचाला ५०० ठिपके). प्रत्येक पिक्सेलमध्ये सर्वांत वरच्या मेटलची (एम६) प्लेट, तिच्याखालच्या मेटलवर (एम५) गार्ड, म्हणजे प्लेटला खालच्या सर्किटपासून वेगळं ठेवणारी ढाल, आणि त्याखाली चार्ज अॅम्प्लिफायर, म्हणजे प्लेटवरच्या चार्जचं व्होल्टेज करणारं सर्किट. चिपभोवती धातूचं कडं आहे, त्यातून बोटाला पल्स जातो. एका वेळी एक अख्खी रो (पिक्सेलची आडवी ओळ) वाचली जाते. रीसेट सोडल्यावर एक सॅम्पल, पल्स दिल्यावर ४ मायक्रोसेकंदांनी दुसरं, आणि दोन्हींची वजाबाकी, म्हणजे नेहमीचं सीडीएस (कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग).

उघड्या चिपवर (अॅम्प्लिफायरच्या फीडबॅकला २०० फेम्टोफॅरडचा कपॅसिटर, तो जितका लहान तितकं आउटपुट मोठं; पल्स १ व्होल्ट) ठसा अगदी स्वच्छ येतो, घामाची छिद्रंसुद्धा दिसतात. पण प्रोजेक्टचं उद्दिष्ट काचेखालून वाचायचं आहे. वर २५० मायक्रॉनची काच चिकटवली, फीडबॅक ५ फेम्टोफॅरडवर आणला, पल्स ३.३ व्होल्टचा केला, आणि आता चित्रात नुसते आडवे पट्टे. मागच्या अॅम्प्लिफायरचा गेन चौपट केला तर पट्टेही चौपट झाले. नॉइज सिम्युलेशनमध्ये असं काही दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

जुना_लेआउटवाला

मृण्मयी, आधी आकडे मांडू. अशा सेन्सरमध्ये पाटी-पेन्सिलचं गणित सिम्युलेटरपेक्षा लवकर वाट दाखवतं.

तुझी प्लेट ५० बाय ५० मायक्रॉन. उघड्या चिपवर नायट्रायडचा सुमारे १ मायक्रॉनचा थर धर, तर बोटाचा उंचवटा टेकल्यावर साधारण १५५ फेम्टोफॅरड मिळतात. खाचेखाली ५० मायक्रॉन हवा असते, तिथे जेमतेम ०.४४. फरक प्रचंड आहे, त्यामुळे तिथे कुठलंही सर्किट चालून जातं.

काच आली की उंचवट्याचे १५५ चे ०.६२ फेम्टोफॅरड होतात आणि खाचेचे ०.२६ च्या आसपास. फरक ०.३६ वाटतो, पण तोही पूर्ण हाती येत नाही. उंचवटा ते उंचवटा अंतर साडेचारशे मायक्रॉन, काच २५० मायक्रॉन. एवढ्या अंतरात क्षेत्ररेषा आडव्या पसरतात आणि शेजारचा उंचवटा खाचेच्या पिक्सेललाही दिसायला लागतो. लाप्लासचं समीकरण या भूमितीसाठी सोडवलंस तर हा बारीक तपशील सपाट भागाच्या मानाने अंदाजे एक पंचमांश उरतो. म्हणजे खरा सिग्नल ०.०८ फेम्टोफॅरड. ३.३ व्होल्टला ०.२६ फेम्टोकुलोम, सुमारे १६५० इलेक्ट्रॉन. ५ फेम्टोफॅरडवर त्याचे आउटपुटला ५३ मिलिव्होल्ट होतात.

आता दुसरी बाजू. तुझ्या प्लेटखाली १ मायक्रॉन ऑक्साइड आणि मग गार्ड. हे कपॅसिटन्स ८६ फेम्टोफॅरड भरतं, म्हणजे सिग्नलच्या हजारपट. गार्ड रेफरन्सला (अॅम्प्लिफायर ज्याच्या तुलनेत मोजतो त्या स्थिर व्होल्टेजला) बांधलेला असल्याने सिग्नल त्यात वाहून जात नाही, हे बरोबर. पण अॅम्प्लिफायरच्या इनपुटवर किंवा रेफरन्सवर जे काही हलतं, ते (८६ + ५) भागिले ५, म्हणजे अठरापट होऊन बाहेर येतं. तुझी अख्खी रो एकाच रेफरन्सवर, एकाच क्षणी सॅम्पल होते. त्यामुळे रेफरन्सवर १ मिलिव्होल्ट हललं की चौसष्ट पिक्सेल एकदम १८ मिलिव्होल्टनी वर किंवा खाली. चित्रात तो आडवा पट्टा दिसतो. उघड्या चिपवर २०० फेम्टोफॅरड फीडबॅक होता, तिथे हीच पट जेमतेम दोन होती, म्हणून काही जाणवलं नाही.

सिम्युलेशनमध्ये रेफरन्स आदर्श सोर्स म्हणून ठेवला असशील. बोर्डवरचा रेग्युलेटर आणि बाँडवायर (चिपला बाहेर जोडणारी बारीक तार) धरून परत चालव.

दार_कुलूप_नाशिक

मी चिप बनवत नाही, पण फिंगरप्रिंटची कुलुपं आणि हजेरीची यंत्रं बसवतो. पट्ट्यांबद्दल एक बघितलेलं सांगतो.

एका कारखान्याच्या गेटवर यंत्र बॅटरीवर व्यवस्थित चालायचं आणि अडॅप्टर लावला की बोट ओळखायचं नाही. सर्व्हिस मेनूमध्ये कच्चं चित्र बघायची सोय होती. अडॅप्टर लावलेला असताना बोट ठेवलं की चित्रात आडवे पट्टे. मग दुसऱ्या हाताने शेजारचा अर्थिंग असलेला लोखंडी रॅक धरला तर पट्टे वेगळेच झाले, जवळजवळ दुप्पट जाड. रॅक सोडून यंत्राचंच धातूचं कव्हर धरलं तर साफ गायब. हे मी तिथल्या सुपरवायझरला आणि वॉचमनलाही करायला लावलं. प्रत्येकाच्या बोटाला तेच. सेन्सर बदलून फरक पडला नाही. अर्थिंगवाला चांगला अडॅप्टर दिला आणि तक्रार बंद झाली.

ताई, तुमचा बोर्ड लॅपटॉपला जोडलेला असेल आणि लॅपटॉप चार्जिंगला असेल, तर चार्जर काढून एकदा बघा.

उत्तरध्रुव

नाशिककरांचं निरीक्षण लाखमोलाचं आहे. मी स्वीडनमध्ये याच क्षेत्रात काम करतो. प्रयोगशाळेत आम्ही हेच मुद्दाम घडवून आणतो.

स्विचिंग अडॅप्टरमध्ये प्रायमरी (मेन्सकडची) आणि सेकंडरी (यंत्राकडची) बाजू यांच्यामध्ये कपॅसिटन्स असतोच. त्यातून यंत्राचा ग्राउंड जमिनीच्या मानाने स्विचिंगच्या तालावर हलत राहतो. माणसाचं शरीर जमिनीशी शंभर-दीडशे पिकोफॅरडने जोडलेलं असतं, म्हणून ते जागच्या जागी राहतं. सेन्सरच्या दृष्टीने मात्र बोटच हलतंय. कडं बोटाला धरून ठेवायचा प्रयत्न करतं, पण कडं आणि कोरडी त्वचा यांच्यातला संपर्क काही शॉर्ट सर्किट नव्हे. रॅक धरला तेव्हा शरीर जमिनीला आणखी घट्ट बांधलं गेलं आणि पट्टे वाढले. कव्हर धरलं तेव्हा शरीर यंत्राच्या ग्राउंडला बांधलं गेलं आणि दोघं मिळून हलायला लागले.

मृण्मयी, इथे एक बारकावा आहे. जुन्या लेआउटवाल्यांनी सांगितलेला रेफरन्सचा नॉइज बेरजेसारखा येतो, रोमधल्या सगळ्या पिक्सेलना सारखाच. बोटातून येणारा नॉइज गुणाकारासारखा येतो. तो पिक्सेलच्या पूर्ण ०.६२ फेम्टोफॅरडमधून शिरतो, ०.०८ च्या फरकातून नाही. म्हणून बोट टेकलंय तिथेच पट्टा, आणि उंचवट्यावर खाचेपेक्षा जास्त. कडेचे झाकलेले रेफरन्स पिक्सेल वापरून रोची वजाबाकी केलीस तर पहिला प्रकार जाईल, दुसरा तसाच राहील, कारण झाकलेल्या पिक्सेलवर बोटच नसतं.

तेव्हा दोन चाचण्या कर: बोट न ठेवता, आणि बोट ठेवून. दोन्ही चार्जरसह आणि चार्जरशिवाय.

मृण्मयी_ई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज लॅबमध्ये बसून मोजलं.

बोट नसताना: पट्टे आहेत, पण फिके. एका रोची सरासरी फ्रेमगणिक किती हलते ते काढलं, सुमारे १४ मिलिव्होल्ट. चार्जर असो वा नसो, सारखंच. रेफरन्सच्या पिनवर ०.८ मिलिव्होल्ट मिळाले, म्हणजे अठरापटीचा हिशेब जुळतो.

बोट ठेवून, लॅपटॉप चार्जिंगला: ९० मिलिव्होल्टपर्यंत, आणि फक्त बोटाखाली. बाहेरचे पिक्सेल आधीसारखेच.

बोट ठेवून, लॅपटॉप बॅटरीवर: जवळपास बोट नसतानाइतकंच. आणि पट्ट्यांच्या मागे पहिल्यांदाच उंचवट्यांच्या रेषा पुसट दिसल्या!

एक प्रश्न. सीडीएस असताना चार्जरचा नॉइज वजा का होत नाही? दोन्ही सॅम्पलमध्ये तो असतोच ना?

उत्तरध्रुव

दोन्ही सॅम्पलमध्ये असतो, पण सारखा नसतो. सीडीएस हळू बदलणारं तेवढं काढतं: ऑफसेट, फ्लिकर नॉइज (ट्रान्झिस्टरचा मंद नॉइज), पॉवर लाइनचा ५० हर्ट्झ. रीसेटच्या क्षणी गोठलेला केटीसी नॉइजही (कपॅसिटरवर उष्णतेमुळे येणारा) जातो, आणि तो तुझ्याकडे लहान नाही: ९० फेम्टोफॅरडच्या नोडवर अंदाजे १२० इलेक्ट्रॉन, आउटपुटला ४ मिलिव्होल्ट. रीसेट स्विचचा चार्ज इंजेक्शनही (स्विच बंद होताना नोडवर सांडणारा चार्ज) वजा होतो, आणि ५ फेम्टोफॅरडवर तो काही दहा मिलिव्होल्टची उडी मारतो. तेव्हा सीडीएस हवंच.

पण तुझी दोन सॅम्पल ४ मायक्रोसेकंदांच्या अंतरावर आहेत. १२५ किलोहर्ट्झच्या लहरीचा अर्धा आवर्तकाळ नेमका तेवढाच. पहिलं सॅम्पल शिखरावर पडलं तर दुसरं दरीत, आणि वजाबाकीत नॉइज दुप्पट. चार्जर बहुधा ६५ ते १३० किलोहर्ट्झमध्ये स्विच करतात, म्हणजे त्यांच्यासाठी तुझं सीडीएस हे अॅम्प्लिफायर आहे. अंतर १ मायक्रोसेकंद केलंस तर १२५ किलोहर्ट्झला दुपटीऐवजी पाऊणपट येईल.

त्यापुढचं पाऊल म्हणजे एकाच पल्सवर न थांबणं. धातूच्या कड्याला एका रोसाठी बत्तीस कडा दे (पल्सची प्रत्येक चढण किंवा उतरण म्हणजे एक कड), चढती-उतरती अशा आळीपाळीने, आणि सॅम्पलही त्याच क्रमाने अधिक-उणे करत मिळव. आता सेन्सर फक्त ड्राइव्हच्या (कड्यावरच्या या पल्सच्या) फ्रिक्वेन्सीभोवतीच्या अरुंद पट्ट्यात ऐकतो, आणि रँडम नॉइजच्या मानाने सिग्नल साडेपाचपट वर येतो. ड्राइव्ह ५०० किलोहर्ट्झला मात्र ठेवू नकोस, तो १२५ चा चौथा हार्मोनिक (चौपट फ्रिक्वेन्सी) आहे, तिथेही चार्जरचा नॉइज असतो. ४४० च्या आसपास ठेव. बत्तीस कडांना मग ३६ मायक्रोसेकंद लागतील, चौसष्ट रो मिळून सव्वादोन मिलिसेकंद. तेवढ्यात बोट काही हलत नाही.

चार्जरची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे सरकते, म्हणून तीन-चार ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी हाताशी असाव्यात. बोट आलं की आधी ड्राइव्ह बंद ठेवून प्रत्येक फ्रिक्वेन्सीला नुसतं ऐकायचं, आणि जिथे शांत तिथे वाचायचं.

केतकी_सर्किट

कडं आणि बोट यांच्या संपर्काची एवढी डोकेदुखी असेल तर कडंच नको, असा विचार खूप आधी झालेला आहे. बोलोन्या विद्यापीठाच्या मार्को टार्टाग्नी आणि रोबेर्तो ग्वेरिएरी यांनी १९९७-९८ मध्ये मांडलेल्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलला शेजारी-शेजारी दोन प्लेटा होत्या, एक इन्व्हर्टिंग अॅम्प्लिफायरच्या इनपुटला, एक आउटपुटला. दोघींमधला फ्रिंज कपॅसिटन्स (प्लेटांच्या कडांवरून वळून जाणाऱ्या क्षेत्ररेषांचा) हाच फीडबॅक. त्वचा जवळ आली की त्यातल्या काही क्षेत्ररेषा ती स्वतःकडे ओढून घेते, फीडबॅक कमी होतो आणि आउटपुट वाढतं. बोटाला वेगळा पल्स द्यायची गरजच नाही. मला ही रचना फार सुंदर वाटते. मृण्मयीच्या कामाला ती चालेल का?

जुना_लेआउटवाला

सुंदर आहेच. पण त्या फ्रिंजची पोच प्लेटांमधल्या अंतराएवढीच. पन्नास मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये ती काही मायक्रॉनच्या थरापलीकडे बघू शकते, २५० मायक्रॉन काचेपलीकडे नाही. पातळ कोटिंगसाठी ती, काचेसाठी बोटाला ड्राइव्ह, अशी विभागणी आहे.

साखरपट्टा

तांत्रिक भाग अर्धा-मुर्धा कळतोय, तरी विचारतो. आमच्या भागात ऊसतोड करणाऱ्यांचे, विशेषतः बायकांचे, अंगठे रेशन दुकानात लागत नाहीत. कोयता धरून, पाचट ओढून रेषाच झिजलेल्या असतात, आणि उन्हाळ्यात त्वचा इतकी कोरडी की यंत्र बोट आहे हेच मानत नाही. अशा बोटांसाठी कपॅसिटिव्ह सेन्सर बरा की वाईट?

जुना_लेआउटवाला

फार योग्य प्रश्न. सेन्सर डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाने याच बोटांपासून सुरुवात करायला हवी. रेशन दुकानातली यंत्रं बहुतेक ऑप्टिकल असतात, त्यांची अडचण थोडी वेगळी. कपॅसिटिव्हपुरतं सांगतो.

कोरडेपणा आणि झीज या दोन अडचणी आहेत आणि त्या सेन्सरला उलट्या दिशांना ओढतात.

कोरडं बोट म्हणजे उंचवटा पूर्ण टेकत नाही, मध्ये बारीकशी हवा राहते. १ मायक्रॉनच धरा. पातळ थराच्या सेन्सरवर १५५ फेम्टोफॅरडचे एकदम १९ होतात, आठव्या हिश्शावर घसरण. चित्रात रेषा तुटक-तुटक, ठिपक्यांच्या. काचेखाली मात्र तीच १ मायक्रॉन हवा म्हणजे काच ७ मायक्रॉनने जाड झाल्यासारखं, तीनेक टक्क्यांचा फरक. कोरड्या बोटाला जाड काच क्षमा करते.

झीज म्हणजे खाच उथळ. ५० ऐवजी १० मायक्रॉन धरू. पातळ थरावर उंचवटा १५५ आणि खाच २.२, फरक अजूनही भरपूर. काचेखाली मूळचा ०.३६ चा फरक ०.१४ वर येतो, आणि क्षेत्ररेषा पसरल्यावर उरतो ०.०३. मृण्मयीच्या चिपवर ते २० मिलिव्होल्ट, म्हणजे आजच्या रेफरन्स नॉइजच्या जेमतेम वर.

ऊसतोडीच्या हाताला दोन्ही अडचणी एकाच वेळी आहेत. म्हणून मला वाटतं, मधली जाडी घ्यावी, शंभर मायक्रॉनच्या आत, आणि वाचवलेला प्रत्येक मिलिव्होल्ट नॉइज कमी करण्यातून यावा. इथे नॉइज निम्मा केला तर एखाद्या बाईला दुकानातून रिकाम्या हाताने परत जावं लागणार नाही. त्यामुळे हे काम मला कधीच किरकोळ वाटलेलं नाही.

साखरपट्टा

धन्यवाद. हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

मृण्मयी_ई

लेआउटवाले काका, हे वाचून काचेची जाडी गाईडबरोबर पुन्हा बोलणार आहे. चिपची दुसरी खेप पाठवायची संधी आहे, म्हणून गार्डबद्दल विचारते. गार्ड रेफरन्सला न बांधता प्लेटबरोबर हलवला, म्हणजे बफरने ड्राइव्ह केला, तर ८६ फेम्टोफॅरड नाहीसे होतील ना?

जुना_लेआउटवाला

सिग्नलसाठी होतील, नॉइजसाठी नाही. बफरचा स्वतःचा नॉइज त्याच ८६ फेम्टोफॅरडमधून प्लेटवर येईल, आणि पिक्सेलमध्ये बसेल एवढा लहान बफर काही शांत नसतो. शिवाय चार्ज अॅम्प्लिफायरची प्लेट मुळात हलतच नाही, ती आभासी ग्राउंडवर असते, म्हणजे फीडबॅक तिला रेफरन्सच्या व्होल्टेजलाच धरून ठेवतो. तिच्याबरोबर हलायचं तरी कशाला?

त्यापेक्षा गार्ड खाली ने. एम५ वरून एम३ वर नेलास तर ऑक्साइड सुमारे ३ मायक्रॉन होईल, ८६ चे २९ फेम्टोफॅरड, आणि अठरापटीची पावणेसातपट. रेफरन्सचे १४ मिलिव्होल्ट पाच-साडेपाचवर येतील. वर फायदा असा की सेटलिंगही (आउटपुटचं स्थिर होणं) सुधारतं: ४४० किलोहर्ट्झच्या अर्ध्या आवर्तकाळात एक टक्क्याच्या आत पोचायला अॅम्प्लिफायरला सुमारे १२ मेगाहर्ट्झचं गेन-बँडविड्थ (गेन आणि वेग यांचा गुणाकार) लागलं असतं, आता साडेचारात भागेल. वीजही वाचली.

किंमत एवढीच की पिक्सेलचं सगळं वायरिंग एम१ आणि एम२ मध्ये कोंबावं लागेल. ५० मायक्रॉनमध्ये ते बसतं. एम४, एम५ वर प्लेटखालून काहीही नेऊ नकोस, विशेषतः रीसेटची क्लॉक. ती गार्डच्या वर आली तर तिची प्रत्येक कड थेट प्लेटवर दिसेल.

रेफरन्ससाठी प्रत्येक कॉलमपाशी स्थानिक कपॅसिटर ठेव, आणि दोन्ही टोकांना झाकलेल्या पिक्सेलचे दोन-दोन कॉलम. त्यांची सरासरी रोमधून वजा केली की उरलेला बेरजेचा पट्टा जातो. एकच झाकलेला कॉलम ठेवू नकोस, त्याचा स्वतःचा रँडम नॉइज अख्ख्या रोवर छापला जाईल.

उत्तरध्रुव

+१. आणि पल्सचा व्होल्टेज वाढव. ३.३ चे १० केलेस तर सिग्नल तिप्पट, चार्जरचा आणि अॅम्प्लिफायरचा नॉइज आहे तिथेच. यापेक्षा स्वस्त सुधारणा या सर्किटमध्ये दुसरी नाही. फक्त कड्यावरचा ईएसडी डायोड (स्थिर विजेच्या ठिणगीपासून वाचवणारा) १० व्होल्टच्या वरचा निवड, नाहीतर तोच पल्स कापेल. डायोड वगळायचा मोह नको. चाचणीत त्याच कड्याला १५ किलोव्होल्टची हवेतली ठिणगी झेलायची असते, आणि कड्याने ती घेतली नाही तर पिक्सेल घेतात.

मृण्मयी_ई

समजलं. शेवटचं एक: सुधारणा झाली की नाही हे कसं मोजू? दर वेळी माझंच बोट ठेवलं तर ते कधी ओलं, कधी कोरडं.

जुना_लेआउटवाला

बोट नकोच. दोन वस्तू करून घे. एक, कंडक्टिव्ह रबराचा सपाट तुकडा, कड्याला टेकेल एवढा मोठा. त्यावर शंभर फ्रेम घे. प्रत्येक पिक्सेल फ्रेमगणिक किती हलतो तो टेम्पोरल नॉइज. शंभर फ्रेमच्या सरासरीत पिक्सेला-पिक्सेलमध्ये जो फरक उरतो तो फिक्स्ड पॅटर्न. ५ फेम्टोफॅरडचे कपॅसिटर कधीच तंतोतंत सारखे नसतात, तो फरक कॅलिब्रेशनमध्ये भागून टाकायचा. रोच्या सरासरीची हालचाल वेगळी काढ, जशी आता काढलीस, कारण रँडम ठिपक्यांपेक्षा पट्टा मॅचिंगला जास्त छळतो. अल्गोरिदमला तो उंचवटाच वाटतो.

दुसरी वस्तू, त्याच रबरावर साडेचारशे मायक्रॉन पिचच्या खाचा, एका अर्ध्या भागात ५० मायक्रॉन खोल आणि दुसऱ्यात १०. उंचवटे आणि खाचा यांच्या सरासरीतला फरक भागिले टेम्पोरल नॉइज, हे दोन्ही अर्ध्यांसाठी वेगवेगळं लिही.

आणि चार्जरऐवजी सिग्नल जनरेटर घे: रबर आणि बोर्डचा ग्राउंड यांच्यामध्ये शंभर पिकोफॅरडमधून १ व्होल्ट, ५० किलोहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत फिरव. नॉइजच्या आलेखात सीडीएसचं शिखर १२५ ला दिसलं पाहिजे आणि नव्या ड्राइव्हमध्ये ते ४४० ला सरकलेलं. तो आलेख इथे टाक.

मृण्मयी_ई

रबराचं काम टाकलं. भोसरीतल्या एका वर्कशॉपने ५० मायक्रॉनच्या खाचा लेझरने होतील म्हटलंय, १० च्या नमुना करून बघणार आहेत. जनरेटरची चाचणी जुन्या चिपवर आधी करते, आलेख शनिवारी टाकते.

दार_कुलूप_नाशिक

ताई, तो १० मायक्रॉनचा तुकडा जमला तर वर्कशॉपचा पत्ता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कुलूप बसवायच्या आधी तपासायला मलाही एक हवाय.